मामांच्या पानावरचा आकडा

इंटरनेटच्या यादीत वर चढण्यासाठी एसटीनं हिंडलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, तो म्हणजे माझे राहू गावचे मामा. त्यांचा प्रकाश कॉम्प्युटर शिकतो म्हणाला, तेव्हा "बसून बटनं दाबायची, हे काय गड्याचं काम हाय?" असं मामा चारचौघांत बोलले आणि पोरगा घर सोडून गेला. पाच वर्षं पत्र नाही. मग याच मामांनी दौंडच्या सायबर कॅफेत गावाच्या नावाचं एक पान करून घेतलं. गावाची माहिती, मामींचा फोटो आणि खाली एक ओळ: प्रकाश, घरी ये. "कवातरी गावाचं नाव टाकून बघंलच की त्यो," म्हणायचे.

पण नाव टाकलं की पत्रिकेतला राहू यायचा, त्याची शांत करणारे यायचे, मामा कुठंच नाहीत. कॅफेवाल्यानं समजावलं, शोधणारं यंत्र सगळी पानं वाचून यादी करतं आणि ज्या पानाकडं दुसरी पानं बोट दाखवतात, त्याला वर बसवतं. "म्हंजी सोयरीकच की," मामा म्हणाले, "चार घरांनी चांगलं म्हनलं की वजन वाढतं." झालं. नारळ पिशवीत घालून मामा ज्याची म्हणून वेबसाइट आहे त्याच्या दारात. मांडवगणच्या रोपवाटिकेत, शिरूरच्या एका कारखान्यात. कारखानदारानं विचारलं, "धंदा काय तुमचा?" मामा म्हणाले, "धंदा न्हाई सायेब. पोरगं गेलंय." त्यानं त्याच दिवशी आपल्या पानावर मामांच्या पानाचा दुवा लावला.

मी तेव्हा तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेली विदुषी. प्रमाणपत्र बैठकीत असं टांगलेलं, की पाहुण्यानं पाण्याचा तांब्या वर केला की तेच दिसावं. मी मामांना अक्कल शिकवली: गावाचं नाव दोनशे वेळा लिहा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. माणसाला दिसणार नाही, यंत्र भुलेल. यंत्र भुललं नाही. पान यादीतूनच गेलं. मामा रागावले नाहीत. "यंत्राला बी लबाडी कळती व्हय, कुसे?" एवढंच म्हणाले. ती अक्षरं पुसली. काही महिन्यांनी गावाच्या नावापुढं दौंड लिहिलं की मामांचं पान पहिलं यायला लागलं. मामांनी कॅफेत पेढे वाटले.

पानाच्या तळाशी, ते किती वेळा उघडलं त्याचा आकडा असे. आपण उघडलं तर आपलाच आकडा वाढतो, म्हणून मामा बाहेर बाकावर बसत. मी आत जाऊन बघायची आणि माझा एक वजा करून सांगायची.

"किती?"

"तेवढाच, मामा."

असे कितीतरी बाजाराचे दिवस गेले. मामा वाळत चालले. मग मीच अधूनमधून गुपचूप जाऊन पान उघडायला लागले.

"वाढलाय मामा. तीननं."

मामा मग म्हणाले, "येतंय पोरगं. बघून जातंय. राग हाय आजून, म्हनून बोलत न्हाई." त्या दिवसापासून त्यांनी एसटीनं हिंडणं सोडलं. आता कशाला शोधायचं?

लबाडी कळायला मामा काही यंत्र नव्हते. आणि मला वाटलं, मी केवढं पुण्य केलं.

प्रकाश आला नाही. मामांच्या शेवटच्या दुखण्यात सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी राहूला गेले. उशाशी बसले, तर त्यांनीच आधी विचारलं, "किती?"

मी आकडा सांगितला. अगदी खरा. त्यातले माझे किती, ते सांगायचं राहिलं.