मांडवामागचे भाऊजी

आमच्या शेजारच्या भाऊजींइतका तापदायक पाहुणा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा मिळायचा नाही. लग्नाला बोलवा, आहेर द्यायच्या आधीच हे मांडवामागे, जिथे बाया भांडी घासत असतात तिथे. "तुमचं जेवन झालं का? नाई? मंग पंगत कायले बसोली?" कळंबच्या एका लग्नात तर त्यांनी वरबापाला हाताला धरून मागे नेलं आणि त्यालाच त्या बायांच्या पानात वाढायला लावलं. वरबाप अजून आमच्याशी बोलत नाही. एकदा मंडळानं त्यांना सत्काराची शाल घातली, ती यांनी तिथल्या तिथे खुर्च्या लावणाऱ्याच्या खांद्यावर टाकली.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पोरं गेली की सूक्ष्मदर्शक पुसता पुसता स्वतः डोळा लावायचे आणि सरांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. मेंदू त्यांचा लाडका. "वहिनी, विचार करनाऱ्या पेशी म्हंजे नवरदेव. साऱ्यायचं लक्ष त्यायच्याकडंच. पन त्यायले खाऊ घालनं, कचरा उचलनं, हे आधारपेशी करते. त्यायचं नाव कोनी घेते का?" मी आपली "हो बापा" म्हणायची आणि भाजी निवडायची.

मग माझंच मन खचलं. काही घडलं नव्हतं, हेच तर कोणाला सांगता येईना. महिनोन्‌महिने उठावंसंच वाटेना. डॉक्टरांनी उदासीचा आजार सांगून गोळ्या दिल्या. बातमी पसरली तशी माणसं केळी घेऊन भेटायला येऊ लागली, कोणी वणीहून, कोणी लोहाऱ्याहून. "मन घट्ट करा" म्हणायची आणि चहा पिऊन जायची. चहा सूनबाई करायची.

भाऊजी आले ते सरळ स्वयंपाकघरात. "सूनबाई, तू जेवली का?"

"जेवीन ना, काका."

"कधी?"

पोर चहाचं पातेलं हातात धरून रडायलाच लागली.

मग माझ्यापुढे उभे. "वहिनी, तुमची आधारपेशी वाळून राह्यली."

मला रागच आला. "बिमार मी हाव का थे?"

"उदास मानसाच्या मेंदूत काई जागी या पेशी कमी झालेल्या दिसल्या म्हनते. आधी कोन थकते, थे अजून पक्कं समजलं नाई. पन तुमच्या घरातलं मले दिसून राह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून दारात खुर्ची टाकून बसले. येईल त्याला हुकूम: चहा आपला आपण करा, कप विसळा, सूनबाईला हाक मारू नका. माझी नणंद फणकारली, "आमी काय भांडे घासाले आलो का?"

"मंग कायले आल्या?"

चार-पाच दिवसांनी एका दुपारी घरात भांड्याचा आवाजच येईना. मी घाबरून उठले. सूनबाई तुरीच्या पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. गालफडं बसलेली. इतके दिवस माझ्यासमोर वावरत होती आणि मला दिसली नव्हती. मी खाली बसले, पदरानं तिच्या तोंडावरच्या माशा वारत राहिले. किती महिन्यांनी मी कोणासाठी काही करत होते!

गोळ्या अजून चालू आहेत, सूनबाईच्या अंगावर पुन्हा मांस चढलंय, आणि भाऊजी मुलाकडे नागपूरला राहायला गेलेत. त्या दुपारी मी त्यांना शोधत मागे गेले, तर नळाशी उकिडवे बसून पाहुण्यांचे कप विसळत होते, एकेक, आवाज न करता. डोळे भरून आले माझे. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओलं बोट ओठांवर ठेवलं आणि आत झोपलेल्या पोरीकडे मान हलवली.