चैत्रातली शेकोटी

आजकाल मार्चमध्ये दोन दिवस गार वारं सुटलं की आमच्या घरात कोणी ना कोणी म्हणतंच, "कुठंय ते जग तापणं?" मला लगेच आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे आठवतात. जगाच्या तापमानाचा निकाल त्यांनी सत्तरच्या दशकातच लावला होता, ते पण आमच्या अंगणात बसून.

त्या साली पाडव्याच्या आसपास गारपीट झाली. तीन दिवस असा गारठा की चैत्रात रजया निघाल्या. त्यात वारंगा फाट्याहून गूळ आला, तो पेपरच्या तुकड्यात बांधलेला. मामंजींनी तुकडा सपाट केला, चष्मा चढवला आणि वाचलं, की पृथ्वी म्हणे थंड होऊन राहिली, असं कुठल्याशा विद्वानाचं मत आहे. पुढचं गुळाला चिकटून फाटलं होतं. मामंजींना तेवढं बस झालं.

"सूनबाई, उन्हाळा गेला आता."

"कुठं गेला, मामंजी?"

"जगातून!"

मी हसले असते, पण आंब्याखाली आमचं हळदीचं बेणं होतं. येत्या मृगातली सगळी लावण त्या ढिगावर. बेण्याचे गड्डे सावलीत रचायचे, वर हळदीचाच वाळला पाला जाड अंथरायचा, म्हणजे मृगापर्यंत झळ लागत न्हाई. मामंजी म्हणाले, "या गारठ्यात झाकून ठेवलं तर सडंल." पाला काढला आणि त्याची शेकोटी केली. चैत्रात! गावातले चार म्हातारे हात शेकायला आले आणि व्हय व्हय म्हणून गेले.

मी म्हणलं, "तीन दिवसाचं काय घेऊन बसलात? मी नांदायला आले तवा बरणीतलं तूप शिमग्यापर्यंत थिजलेलं राहायचं. आता संक्रांत सरली की पातळ." एका बरणीवरून मी पण जगाचं सांगायला निघाले होते, शेवटी त्यांचीच सून. तरी माझ्या बरणीत दहा-बारा वर्षं होती, त्यांच्या तुकड्यात तीन दिवस.

"तूप काय पेपरात छापून येतं का?" म्हणाले.

आठ दिवसांत ऊन असं आलं की कुत्रं रांजणाजवळच्या ओलीतून उठेना. मी पोती भिजवून ढिगावर टाकली, तर मामंजी म्हणे, "काहून तकलीफ घेतीस? येतोच गारवा परत." वैशाख सरला, तरी त्यांचा गारवा रस्त्यातच होता.

मृगाआधी आमी दोघी जावा बेणं निवडायला बसलो. गड्ड्याचं टोक मोडायचं. कट्ट वाजून आत केशरी निघालं तर जिता, चामड्यासारखं वाकलं तर मेला. मामंजी पण येऊन बसले. दुपारपर्यंत मेल्यांचा ढीग मोठा झाला. मधीच मी बघितलं, ते एक सुरकुतलेला गड्डा हळूच चांगल्या टोपलीत सारून राहिले होते.

"मामंजी, तो मेलाय."

"असू दे गं. एखादा उगवंल."

मी तो काढला. त्या साली अर्ध्या वावरात हळद लागली, अर्ध्यात हायब्रीड ज्वारी.