पायरीवरची नातिया

कोकेनच्या धंद्याने मेदेयीन शहरातल्या आमच्या चढावरच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीचे दोन तुकडे केले होते: वर एक टोळी, खाली दुसरी. मधली पायरी ओलांडली की समोरची टोळी गोळी घालायची.

नाताळात एडिल्मामावशीने नेमक्या त्याच पायरीवर चूल मांडली. दूध-गुळाची नातिया सतत ढवळावी लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यानेही पळी हातात घ्यायची रीत आहे.

वरच्या टोळीचा विल्मार पिस्तूल घेऊन आला. "मावशी, ऊठ इथून!"

"उठते रे मेल्या, तोवर ढवळ. करपली तर तुझ्या आईलाच सांगेन."

ढवळून ढवळून विल्मारचे हात भरून आले. शेवटी तोच खालच्या टोळीतल्या येइसनवर ओरडला, "बघतोस काय? ये ना, लागतेय खाली!"

टोळ्या कधीच पांगल्या. भांडण तेवढं अजून चालू आहे: त्या वर्षी नातिया करपवली कुणी, वरच्यांनी की खालच्यांनी?