तोरूचे थांबे

झूराकानच्या जिभेला हाड नाही, हे सोंकुल तळ्याच्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणिसाव्या वर्षी ती नवरी होऊन या कुरणावर आली आणि तेव्हापासून एकोणचाळीस उन्हाळे तिने इथेच काढले. जूनमध्ये यर्ट, म्हणजे नमद्याचे गोल तंबू, उभारायचे, सप्टेंबरात उतरवायचे, मधल्या दिवसांत घोड्या पिळायच्या, त्या दुधाचा आंबूस कुमीस घुसळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चार शब्द सुनवायचे. घोड्यांवरून डोंगर ओलांडून परदेशी पाहुणे मुक्कामाला यायला लागले, तेव्हा तिने त्यांनाही सोडलं नाही. त्यांना तिची भाषा कळत नसे, हे त्यांचं नशीब.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती तिच्या नवऱ्याने. कापार वाटाड्या होता. पलीकडच्या खोऱ्यातून पाहुण्यांना घोड्यांवर बसवायचं आणि तीन दिवसांच्या वाटेने, खिंड चढून, तळ्याकाठी आणायचं, हे त्याचं काम. माणूस कामाला चोख. पण शेवटची दोन वर्षं त्याला उशीर व्हायला लागला. दुपारी पोचणारा तो, दिवस कलला तरी दिसत नसे. मग झूराकान चुलीपाशी उभी राहून सगळ्यांदेखत म्हणायची, "आलात का? या, या. मला वाटलं, तुमचं ताट आता नातवंडांनाच वाढावं लागतंय." नाहीतर म्हणायची, "वाटेतल्या एकूण एक यर्टात कुमीस ढोसत येत असाल. घोडा बिचारा लाजतो, तुम्हाला लाज नाही." चुलीभोवतीची माणसं खो खो हसायची. कापारही हसायचा आणि खोगीर उतरवायला लागायचा.

मागच्या ऑक्टोबरात तो गेला. खाली गावातल्या घरी, बूट चढवताना. एक बूट पायात होता, एक हातात. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याच दिवशी थोरल्या दिराने कापारच्या घोड्याची आयाळ आणि शेपूट कापली. तोरू त्या घोड्याचं नाव, तांबड्या अंगाचा आणि काळ्या पायांचा. मालक मेला की त्याच्या घोड्याला असं बोडकं करतात आणि मग त्याला तुल म्हणतात. तुलवर वर्षभर कोणी बसायचं नाही, त्याला मोकळा चरू द्यायचं, आणि वर्षाच्या जेवणाला, आशला, तोच कापायचा. त्याच्यावर बसून मेलेला माणूस पुढची वाट चालतो.

झूराकानला हे काही नवं नव्हतं. दुसऱ्यांच्या आशला तिने असल्या घोड्यांचं मांस मिटक्या मारत खाल्लं होतं. पण आता घास आपल्या घरचा होता आणि तो घशाखाली उतरेना. कापारचं खोगीर, टोपी, चाबूक या सगळ्या वस्तू होत्या. त्याला ओळखणारा, त्याचा आवाज आठवणारा एक जीव होता, तो तोरू. तिला तो जिवंत हवा होता. वसंतात तिने धीर करून दिरापाशी विषय काढला. थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ती त्याला आके म्हणे. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी त्याच्यापुढे ती घरची सूनच.

"आके, आशला दुसरं जनावर कापलं तर? तोरूच्या बदल्यात मी दोन देते."

म्हाताऱ्याने चहाचा वाडगा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भावाला पायी पाठवतेस?"

झूराकान उठून भांडी घासायला गेली.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी वारा फिरला आणि तळं शिशासारखं काळपट झालं. दुपारपर्यंत खिंड ढगात बुडाली, वर बर्फ पडू लागला. आकेचा मुलगा मेदेर आता कापारच्या जागी वाटाड्या होता आणि चार पाहुण्यांना घेऊन त्याच वाटेवर होता. जेवायच्या वेळेला तो यायला हवा होता. तो आला नाही. आला त्याचा एक घोडा, एकटाच, लंगडत, खोगीर पोटाखाली फिरलेलं.

आके काठी टेकत बाहेर आला. त्याचा गुडघा केव्हाच कामातून गेला होता. "ती वाट बर्फात बुजते," तो म्हणाला. "डाव्या अंगाला सगळी दरड. आणि आमचा पोरगा यंदाच एकटा यायला लागलाय." बाकीचे घोडे वरच अडकले होते. दुधाच्या घोड्या शिंगरांना सोडून हलल्या नसत्या. शेजारचं कुरण दीड तासावर. उतारावर तोरू वाऱ्याकडे पाठ करून उभा होता.

झूराकान आत गेली आणि कापारचं खोगीर घेऊन आली.

"अगं, काय करतेस? तो तुल आहे!"

"दिसतंय मला."

"त्याच्यावर माझा भाऊ बसायचाय!"

"त्यांना ऑक्टोबरात बसायचंय, आके. मेदेरला आज उतरायचंय."

नऊ महिने पाठीला खोगीर लागलं नव्हतं, तरी तोरू बिथरला नाही. चढ सुरू झाला, वाट दिसेनाशी झाली, तसा तिने लगाम सैल सोडला. घोड्याला वाट पाठ होती. मात्र पहिल्या मोठ्या खडकापाशी तो थांबला.

"चल." तिने टाच मारली. तोरू हलला नाही. मान वळवून त्याने तिच्या बुटाला नाक लावलं, हुंगलं आणि तसाच उभा राहिला. जरा वेळाने आपणहून चालू लागला.

शंभरेक पावलांवर पुन्हा तेच. मग पुन्हा. "वर पाच माणसं गारठतायत आणि तुला चोचले सुचतायत? मालकाच्या वळणावर गेलास, आळशी!" तिने चाबूक हाणला. घोड्याने तोही सोसला, पण जागचा हलला नाही. बसून खाल्लंय, दम लागत असेल, असं वाटून तिने वाकून त्याच्या छातीला हात लावला. घाम नव्हता. श्वास संथ होता.

वर जावं तसे थांबे जवळ येत गेले. शंभर पावलांवरचा थांबा साठांवर आला, मग तिसांवर. शेवटच्या चढावर तोरू वीस पावलं टाकायचा, थांबायचा, मान वळवायचा, बूट हुंगायचा. स्वतःसाठी नव्हे, पाठीवरच्या माणसाचा दम परत यावा म्हणून थांबायचा.

तेव्हा तिला कळलं. चाबूक हातातून बर्फात पडला, तो तिने उचलला नाही. त्यानंतर घोडा थांबला की तीही मुकाट बसून राहू लागली. दोन वर्षं आपला नवरा जाता-येता, दोन्ही अंगांनी, वीस-वीस पावलांनी ही खिंड चढत होता, आणि खाली आपण त्याच्यावर माणसं हसवत होतो. तिला स्वतःची शिसारी आली.

मेदेर आणि पाहुणे खिंडीतल्या दगडांच्या राशीआड, घोड्यांच्या पोटाशी चिकटून बसलेले सापडले. घोडा घसरला तेव्हा एका बाईचा घोटा मुरगळला होता, बाकी सगळे धड होते. ढगात दरडीवर उतरायचं नाही, एवढं शहाणपण मेदेरने दाखवलं होतं. काकूला तोरूवर पाहून त्याचा आ वासला.

"आपा, तुम्ही? याच्यावर?"

"तुझे काका चढताना थांबायचे?" तिने दुसरं काही विचारलंच नाही.

मेदेरने मान खाली घातली. "मला शपथ घातली होती. शेवटी शेवटी तर उतरून तोरूच्या गळ्याला मिठी मारून उभे राहायचे. ओठ निळे पडायचे. मी म्हटलं, घरी सांगा. तर म्हणाले, तुझ्या काकूला कळलं, तर ती मला बोलायची बंद होईल. मग मी खाली यायचं कशासाठी?"

उतरताना तोरू पुढे होता आणि त्याच्या मागे एकाला एक बांधलेले बाकीचे घोडे. उतारावर तो एकदाही थांबला नाही. खाली पोचल्यावर घोटा सुजलेली बाई झूराकानच्या गळ्यात पडून रडली. झूराकाननेही निमित्त साधून रडून घेतलं.

आके चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गावच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला, जमिनीकडे बघत म्हणाला, "जिवंत माणूस बसला, की तुल मोडला. हा घोडा आता मेलेल्याच्या कामाचा नाही, असं आम्ही ठरवलंय. आशला करडी घोडी कापू. तोरू तुझा." मग घसा खाकरून, हलक्या आवाजात, "माझा मुलगा घरी आला, सूनबाई."

वसंतात मागितलं होतं ते पदरात पडलं होतं. झूराकानने उतारावर चरणाऱ्या तोरूकडे पाहिलं.

"नको, आके," ती म्हणाली. "करडी त्यांना एका दमात वर नेईल. कुठे थांबायचं, ते तिला ठाऊक नाही."

"अगं, पण तुल मोडला ना?"

"मोडला तर मोडला. पुन्हा करते." तिने मेंढ्यांची कात्री काढली, बाहेर गेली आणि नऊ महिन्यांत वाढलेली आयाळ आणि शेपूट स्वतःच्या हाताने कापली. तोरू निमूट उभा राहिला.

आशच्या सकाळी गावात गोठणारी थंडी होती. तोरूला अंगणात तिनेच आणलं. बायका हे करत नाहीत, पण कोणी अडवलं नाही. म्हाताऱ्यांनी हात पसरून दुआ मागितली, कापणारे बाह्या सरसावून बाजूला उभे राहिले. झूराकानला नवऱ्याची माफी मागायची होती, पण आयुष्यभर ज्या शब्दांची सवय नव्हती, ते आता तोंडात येईनात. तिने घोड्याच्या कानाशी तोंड नेलं.

"हळू ने त्यांना. उशीर झाला तरी चालेल. आता कोणी बोलणार नाही."

तोरूने मान वळवली, तिच्या बुटाला नाक लावलं आणि वाट पाहत उभा राहिला.