मावशीची पांढरी साडी आणि टाकीतलं पाणी

समुद्रपूरच्या पुढच्या एका गावात, बंद पडलेल्या खाणीतलं शिसं आणि मँगनीज विहिरीच्या पाण्यात उतरतं. पिण्यापुरता टँकर येतो, बाकी सगळं विहिरीवर. माझ्या संशोधनाची टाकी ठेवायला गावात कुणी तयार होईना. 'पाण्यात करंट सोडणार' म्हटल्यावर कोण होईल? शेवटी एका मावशीनं अंगण दिलं, वर घरातून वायरही ओढू दिली. मी सिंदी मेघेहून एसटीनं पोचेपर्यंत तिचा चहा उकळून काळा झालेला असायचा, आणि तो प्यावाच लागायचा.

काम तसं साधं. टाकीत लोखंडी पट्ट्या लावायच्या आणि त्यांतून वीज सोडायची. लोखंड झिजून गंजासारखा गाळ होतो, विषारी धातू त्याला चिकटतात आणि त्याच्यासोबत तळाशी बसतात. मात्र पाणी रात्रभर निवळू द्यावं लागतं. हे मी मावशीला चांगलं बजावलं होतं. पण बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली, आणि मावशी पक्की उतावळी. मी परतीची बस धरली न धरली, तोच तिनं आपली पांढरी साडी त्या पाण्यात बुचकळली. साडी विटकरी झाली.

पौर्णिमेला मी गेले तर विहारापुढे बायका माझीच वाट पाहत होत्या. टाकी आजच उचल, असा सगळ्यांचा सूर.

"काऊन वं बाई, आता गंजात कपडे धुवाचे का आमी?" एकीनं विचारलं.

टाकी गेली असती तर माझं काम बुडालं असतं, आणि विहीर होती तशीच राहिली असती.

तेवढ्यात मावशी आली. सगळ्याजणी पांढऱ्याशुभ्र, आणि ही तीच डागाळलेली साडी नेसून.

"पोरीनं सकाळपर्यंत थांबजो म्हणून सांगतलं होतं. मीच नाई थांबली," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "टाकीले बोल नोका लावू."

एवढं बोलून ती आत गेली आणि वंदनेला पहिल्या रांगेत बसली. टाकी उचलायची गोष्ट मग कुणी काढली नाही. मी मागे बसून रडत होते. इतकं मला कुणी सांभाळून घेतलेलं नव्हतं.

पुढे तपासणीत पाण्यातलं शिसं जवळजवळ गेलेलं निघालं. तो अहवाल मी गाइडच्याही आधी मावशीला वाचून दाखवला, कारण तो येण्याआधी माझं खरं मानणारी ती एकटीच होती.