हर्षदा ‘थांबा’ म्हणाली होती

हर्षदा गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही. ती मी दिली. सरकारी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून तिच्या आईला फोन लावला. सभेत तासभर न अडखळता बोलणारी मी, पण ‘मावशी, लवकर या’ एवढंच म्हणून फोन ठेवला. मावशी बदलापूरच्या शिरगावातल्या एका इमारतीत साफसफाईचं काम करतात. पायातले कामाचे गमबूट न काढताच त्या रिक्षातून उतरल्या... याला आता सात आठवडे झाले. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. आमच्या पाणी समितीने तिसऱ्या दिवशी पत्रक काढलं, ‘पाण्याच्या लढ्यातली पहिली शहीद’. ते मी लिहिलं. पत्रक लिहायला मला पंधरा मिनिटं पुरतात, याचा मला अभिमान होता. त्या पत्रकात एक गोष्ट मी घातली नाही. मावशींनाही सांगितली नव्हती. ती सांगायला हा लेख आहे. पण आधी हर्षदा कोण होती ते सांगायला हवं, कारण पत्रकात तेही कुठे आलेलं नाही.

बारवी धरणाच्या अंगाला तिची वाडी. मी तिथे सह्या गोळा करायला गेले होते. धरण तुमच्या दारात, पाणी मात्र खालच्या शहरांना, हे मी हातातल्या भोंग्यावरून तावातावाने सांगत होते. बायका ऐकत होत्या. दहावीतली एक मुलगी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती, ती भोंग्याकडे बघत होती. भाषण संपल्यावर जवळ आली. “ताई, तुमच्याकडे मोठा माईक नाय?” मी म्हटलं, आहे की, सभेला लावतो. “अँप्लिफायर कुठला?” मला कुठे माहीत. “तरीच. तुमचा आवाज फाटतो. ट्रेबल कमी ठेवायला सांगा.” सही तिने केली नाही, वय बसत नव्हतं. मला राग आला होता. आम्ही पाण्यासाठी घसा कोरडा करतोय आणि हिला ट्रेबल सुचतंय, असं मी परतताना बाइकवर मैत्रिणीला म्हटल्याचं आठवतं.

आमच्या या पट्ट्यात हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, आणि तो सूर अँप्लिफायरमधून अख्ख्या गावाला ऐकू जातो. अंबरनाथच्या बबनदादांची पार्टी आमच्याकडे नावाजलेली. हर्षदा त्यांची भक्त होती, दुसरा शब्द नाही. आजूबाजूच्या चार गावांत कुठेही त्यांची हळद असली की ही आईच्या मागे लागून जायची. बाकीची पोरंपोरी पार्टीच्या पुढे नाचायची, ही मागे, स्पीकरच्या खोक्यांच्या वायरींमध्ये उभी. तिथून बबनदादांची बोटं दिसतात म्हणून. घरी आल्यावर पाटावर खडूने बटणं आखून तीच बोटं फिरवायची. मावशी सांगतात, “जेवाया वाढला का पाटावरना उठायची नाय. मी ताट भुईवर ठेवायची.”

वडील ती लहान असतानाच गेले होते. बारावीनंतर मायलेकी शिरगावात आमच्या चाळीत भाड्याने राहायला आल्या आणि आमची खरी ओळख झाली. कुणाच्या तरी माळ्यावरचा मोडका बेंजो तिने मिळवला होता. तो पिशवीत घालून ती एकटी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये परसूचाचांच्या वर्कशॉपात गेली. चाचा सिंधी, साउंडचे खोके आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात. हा किस्सा दोघांनीही मला वेगवेगळा सांगितला आहे, पण बोलणं तेच. “बेटा, इसमें बचा क्या है? लकडी है खाली.” “तार बचा है ना, चाचा.” “बनाके दूं तो बजायेगा कौन?” “मैं.” चाचांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “पहले सोल्डर पकडना सीख. बजानेवाले बहोत आते हैं, रिपेरवाला कोई नहीं.” झालं, ही तिथे कामाला लागली. वर्षभरात चाचांपेक्षा तिचं सोल्डरिंग साफ येऊ लागलं. अंबाड्यात टेस्टर खोचून ती चाळीत हिंडायची. कुणाचाही मिक्सर, कुणाचाही पंखा, आधी टेस्टर लावणार, मग हात. दुकानात रबरी चप्पल काढलीस तर घरी पाठवीन, असा चाचांचा दम होता आणि ती तो पाळायची.

संध्याकाळी दाराशी बसून तिचा रियाज चाले. सुरुवातीला शेजारी वैतागायचे, नंतर फर्माइशी करू लागले. मी तिला ‘आमची कलाकार’ म्हणायचे. खरं सांगायचं तर मला ती हवी होती सभेसाठी. भाषणाआधी गर्दी जमवायला. आमची समितीची गाणी मी तिच्यापुढे ठेवली तेव्हा तिने दोन ओळी वाजवल्या आणि थांबली. “ताई, याच्यात चाल कुठंय? नुसत्या घोषणा आहेत.” मी म्हटलं, चळवळीला चाल लागत नाही. “म्हणूनच लोक उठून जातात,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. पण लागलं होतं मला ते. लोक खरंच उठून जायचे.

या वर्षी तिने धीर केला आणि अंबरनाथला बबनदादांच्या तालमीला गेली. मला सोबत नेलं. पत्र्याची शेड, आत सातआठ पुरुष. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पोरगी हळदीत? लोक वाजवणं बघतील का तुला बघतील?” माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं पानभर. त्याआधी हर्षदाच बोलली, “मग मी मागे बसते, दादा. मागूनच शिकलेय.” सगळे हसले. दादांनी आपला बेंजो पुढे सरकवला. ती हात लावणार तोच म्हणाले, “अगं, आधी पायातल्या काढ. देव आहे तो आपला.” बेंजोवाले असेच. वाजवायला बसताना पायात काही ठेवायचं नाही. हर्षदाने चपला दूर नेऊन ठेवल्या, पेटीला हात लावून कपाळाला लावला, आणि वाजवलं... मला गाण्यातलं काही कळत नाही. पण शेडमधला ढोलवाला मोबाइल खिशात टाकून काठ्या उचलून बसला, ते मला कळलं. निघताना दादा म्हणाले, पुढच्या महिन्यात बदलापूर गावात हळदीची सुपारी घेतली आहे, ये, तीन गाणी तुझी. सुपारी म्हणजे कार्यक्रम ठरणं. घरी येईपर्यंत ती रिक्षात मांडीवर बोटं फिरवत होती. मग एकदम म्हणाली, “तीन म्हणाले ना? दोन नाय ना म्हणाले?” तीन, मी म्हटलं.

त्या हळदीच्या आधीच्या रविवारी आमची सभा होती. शिरगावात, चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत, सकाळी अकराला. मी तिला म्हटलं, सभेत वाजव, तुझी तालीम होईल. ती तयार झाली, पण समितीची गाणी वाजवणार नाही या अटीवर. सभेत मडकी फोडायची होती. रिकामी मडकी फोडली तर फोटोत नुसती खापरं दिसतात, म्हणून टँकरवाल्याला सांगून आम्ही ती भरून घेतली. पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्या सभेत आम्ही पाणी सांडलं. कल्पना माझी. फोटो चांगले आले. जमिनीचा चिखल झाला.

वीज समोरच्या किराणा दुकानातून घेतली होती. अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग त्या जुन्या बोर्डात जाईना. मग मी तेच केलं जे आम्ही शंभर सभांत करत आलो आहोत. प्लग कापला, दोन वायरी सोलल्या, भोकांत घातल्या आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट केल्या. तिसरी, हिरवी वायर, अर्थिंगची, पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी, तशीच लोंबत राहिली. भोंग्याला चालतं. भोंग्याला आम्ही लांबून बोलतो. बेंजो मात्र वायरीने अँप्लिफायरला जोडलेला, आणि त्याच्या लोखंडी तारांवर वाजवणाऱ्याचा हात टेकलेला असतो.

हर्षदाने बोर्ड पाहिला. अंबाड्यातला टेस्टर काढला, अँप्लिफायरच्या पत्र्याला लावला, टेस्टरचा दिवा लागला तशी माझ्याकडे वळली. “ताई, थांबा. अर्थिंग नाय. मी चाचांकडून अर्थिंगचा बोर्ड घेऊन येते, तासाभरात.” तेवढ्यात पाठीमागच्या बायका पदर खोचून उठायला लागल्या होत्या. स्वयंपाक राहिलेत, म्हणत होत्या. फोटोवाला घड्याळ बघत होता. मी म्हटलं, “दहा मिनिटांचं काम आहे गं. लोक चाललेत.” ती म्हणाली, “ताई, थांबा ना जरा.” मी म्हटलं, “हर्षू, माझ्यासाठी.”

ती बसली. चपला काढल्या, चिखलाच्या बाहेर नेऊन ठेवल्या. पेटीला हात लावून नमस्कार केला. दोन ओळी वाजल्या असतील. उठलेल्या बायका खरंच परत खाली बसल्या... पुढचं मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. दुकानदाराने मेन स्विच बंद करेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढा गेला.

नंतर शोकसभा झाली. तीत एक कार्यकर्ते म्हणाले, पोरीने चप्पल घातली असती तर वाचली असती. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. हे मला सगळ्यात जास्त लागतं. ज्या समितीने प्लग कापून उघड्या वायरी बोर्डात खोचल्या, त्या समितीने एका मुलीच्या चपलांवर ठपका ठेवला, आणि मी मान हलवली. कंत्राटदाराने हेच केलं असतं तर मी त्याच्या दारात ठाण मांडलं असतं. निष्काळजीपणा हा शब्द पत्रकात ठळक छापला असता. आमच्या बाबतीत मी छापलं ‘शहीद’. हा शब्द फार सोयीचा आहे. तो लावला की मारलं कुणी, हे विचारायचं राहून जातं. आणि ती लढ्यासाठी आलीच नव्हती. पुढच्या हळदीत तीन गाणी नीट वाजावीत म्हणून आली होती.

परसूचाचांना मी आधी सांगितलं. ते काउंटरवरचा एक प्लग उघडत होते. “मुझे मालूम था,” म्हणाले. “मेरी बच्ची बिना टेस्टर लगाये हाथ नहीं डालेगी. किसीने बोला होगा.” मग बराच वेळ स्क्रू घट्ट करत राहिले. मी निघेपर्यंत वर पाहिलं नाही.

मावशींकडे गेल्या गुरुवारी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, काड्या, पाणी, हिरवी वायर, आणि ती काय म्हणाली ते. त्यांचा हात सुपात फिरतच होता.

“थांबा बोल्ली?”

“हो.”

“कितींदा?”

“दोनदा.”

सूप बाजूला ठेवलं त्यांनी. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोनाड्यातलं आमचं पत्रक काढून त्यांनी माझ्यापुढे टाकलं. “ह्ये वाचून दावलं मला शेजारणीनं. शहीद म्हंजी काय त्ये मी इचारलं, तिला पन नीट सांगता येईना. माझी पोर वाजवायची. तू आता बोल्लीस ना, त्ये कागदावर लिव. समद्यांना कलू दे.” मी म्हटलं, लिहिते. “माफी नको मागूस,” त्या म्हणाल्या, “मी देनार नाय.”

मी उठले, पण त्यांनी बस म्हटलं. कमरेचा मोबाइल काढला. स्वतःचा रियाज हर्षदा आईच्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवायची, हे मला ठाऊक नव्हतं. मावशींना फोनमधलं बाकी काही येत नाही, एवढं लावता येतं. रोज तांदूळ निवडताना लावतात. बेंजो सुरू झाला. मधे कुकरची शिट्टी, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. सूर वर चढला, डळमळला आणि तुटला. मी नकळत मान वर केली.

“हितंच चुकते ती,” मावशी म्हणाल्या आणि फोन आमच्या दोघींच्या मधे जमिनीवर ठेवला. “गप ऱ्हा. परत घेईल.”