रिकाम्या पलंगाचा दिवा

"दादा, मी उद्यापासून नाही येणार," समीक्षा म्हणाली. "आजींचं करायला माझी काही ना नाही. पण तो पलंगाचा दिवा बंद करा, नाहीतर मी दुसरं घर बघते."

आजींना सांभाळायला येणारी समीक्षा वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, जिवंत खेकडा हाताने धरणारी पोरगी. ती भ्यायली म्हणजे थट्टेवारी नेण्यात अर्थ नव्हता. शौनकने मुकाट्याने मागच्या खोलीत जाऊन पाहिलं.

टिपणिसांच्या अंधेरीतल्या त्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत दोन पलंग. एकावर रतनआत्या, समीक्षा जिला आजी म्हणे ती, अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्यावर तिचा धाकटा भाऊ अनंत, म्हणजे शौनकचे बाबा, अर्धांगवायूनंतर झोपून होते. दोन्ही गाद्यांखाली वजन ओळखणारी पातळ चटई होती आणि दोन्ही चटयांच्या तारा भिंतीवरच्या एका डब्यात जात. माणूस पलंगावर असला की त्याच्या नावाचा हिरवा दिवा लागे. उठू लागला की दिवा विझे आणि स्वयंपाकघरात भोंगा वाजे. डबा शौनकने स्वतः बनवला होता. लिफ्टची कंट्रोल पॅनेल करणाऱ्या कंपनीत तो इंजिनीअर, त्यामुळे घरात त्याचं भारी कौतुक झालं होतं.

बाबा गणपतीनंतर गेले. आता संक्रांत जवळ आली होती. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि 'बाबा' लिहिलेला दिवा हिरवागार पेटलेला होता.

"आजी खुर्चीत बसल्या की विझतो," समीक्षा दारातूनच म्हणाली. "आजी झोपल्या की हळूहळू लागतो. वर आजी म्हणतात, अनंता आला बघ."

इतके दिवस हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आईने त्या दिव्यावर चिकटपट्टी लावली होती. ती परवा गळून पडली. नाव बघवत नसेल बिचारीला, असं शौनकने तेव्हा धरलं होतं.

ही आई, माणिकबाई, हे एक अजब प्रकरण होतं. खोटं बोलणं तिला जमत नाही, अशी तिची नातेवाइकांत ख्याती, आणि धास्तीही. कुणाच्या घरची आमटी खारट झाली तर ती पहिल्या घासाला सांगून मोकळी. शौनकचं ठरत आलं तेव्हा मुलीच्या आईने सहज विचारलं, मुलगा कसा आहे? तर ही म्हणाली, हुशार आहे, पण आळशी आहे, आणि चूक कबूल करायला फार वेळ लावतो. तरी गार्गीने होकार दिला, हे टिपणिसांचं नशीब. अशी बाई एखादी गोष्ट बोलली की ती दगडावरची रेघ, हे सगळेच मानत.

म्हणूनच मिक्सरची गोष्टही सगळ्यांनी मानली. बाबा गेले त्या सकाळी ते एकटेच उठायला गेले, पडले, डोकं पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं. आई स्वयंपाकघरात होती. भोंगा वाजला असेल, पण चटणीसाठी मिक्सर चालू होता, मला ऐकू आला नाही, असं तिनेच सांगितलं. दिवसकार्याला आलेल्या बायकांनी माना हलवल्या. शौनक मात्र एकदा बोलून गेला, "आई, मिक्सर जरा नंतर लावला असतास तर?" मिक्सर ओट्यावर नाही आणि घरात रोज सकाळी खलबत्ता वाजतो, हे त्याच्या लक्षात आलं ते त्यानंतरच. तो ठण् ठण् आवाज शौनकला दाढी करताना ऐकू यायचा. आपण आईला ही शिक्षा दिली असं त्याला वाटायचं, आणि तरीही मनाच्या एका कोपऱ्यात तो तिच्यावर रागावलेलाच होता.

रविवारी दुपारी तो डबा उघडून बसला. आत्या पलंगावर जागी होती, समीक्षा दाराशी. खाऱ्या हवेने तारा गंजल्या असतील म्हणून त्याने टोकं घासली. दिवा तसाच. चार्जर खराब असेल म्हणून बॅटरीवर लावून पाहिलं. तसाच. मग बाबांची तारच उपटली. दिवा तरीही लागलेला. समीक्षाने गळ्यातला ताईत मुठीत धरला.

"अगं, आतल्या चिपची सुटी पिन काहीही दाखवते," तो म्हणाला. "भूतबीत नाही." त्याने भोंग्याचं बटण दाबून धरलं, ती पिन तारेच्या तुकड्याने जमिनीला, म्हणजे शून्याला जोडली आणि दिवा पटकन विझला. समीक्षाने सुस्कारा सोडला. एखादा इथेच डबा बंद करून चहा प्यायला गेला असता.

पण शौनकच्या डोक्यात किडा वळवळला. सुटी पिन काहीही दाखवते, मग नेमकी आत्याच्या मागे मागे कशी जाते? त्याने बाबांची चटई पुन्हा पूर्वीसारखी जोडली. गादी नाही, माणूस नाही, नुसती चटई. दिवा विझलेला असायला हवा होता. तो लागला.

मग त्याला उमगलं. डब्यातली चिप दोन तारा मोजते, पण मोजायचं माप तिच्याकडे एकच असतं. आधी आत्याचं माप भरायचं, मग तेच ओतून बाबांचं घ्यायचं. ते रिकामं व्हायला वेळ लागतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून शौनकने फार मोठे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवून धरणारे तुकडे, घातले होते, त्यामुळे माप नीट रिकामं होईचना. आत्याच्या वजनातलं उरलंसुरलं बाबांच्या नावावर जमा होत होतं. म्हणजे आत्या पलंगावर असताना बाबा उठले काय, पडले काय, डबा म्हणणार, बाबा झोपलेत.

डबा बसवला त्या दिवशी आत्या खुर्चीत होती. त्याने एकेक चटई वेगळी तपासली होती. पुढे बाबांना उठवायचं झालं तर आत्या दचकू नये म्हणून सगळे आधी भोंग्याचं बटण दाबून धरत. दोघं पलंगावर असताना एक उठला तर काय होतं, हे कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याने बाबांच्या तारेवर एक लहान रेझिस्टर जोडला. बाबांचा दिवा विझला, आणि स्वयंपाकघरात भोंगा वाजला.

आई धावत आली. वाल सोलत होती, बोटांना सालं चिकटलेली. ती दारात थांबली आणि आधी रिकाम्या पलंगाखालची फरशी पाहिली, मग डबा. भोंगा कर्कश वाजत होता. आत्या म्हणाली, "अनंता उठला वाटतं."

"बंद कर रे तो," आई म्हणाली. शौनकने बटण दाबलं. ती बाबांच्या पलंगाच्या कडेवर बसली. समीक्षा न सांगताच चहा टाकायला गेली.

"आई," शौनक म्हणाला. "त्या दिवशी भोंगा वाजलाच नसणार. मिक्सरचा काही संबंध नव्हता. डब्यात चूक होती. माझी. आणि मी तुला बोललो."

आई बोटांवरची सालं काढत राहिली.

"खंडूकडून मिक्सर घेऊन ये," ती म्हणाली. खंडूचं दुरुस्तीचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं.

"दुरुस्तीला दिलायस? कधी?"

"गणपती यायच्या आधी. ऐन मोदकांच्या वेळी जळला. तेव्हापासून तिथेच पडलाय."

शौनकला हिशेब लागायला क्षणभर वेळ लागला. बाबा गणपतीनंतर गेले होते.

"घरी आणला असता तर तू विचारलं असतंस, कधी दिला होतास म्हणून," आई म्हणाली. "त्या सकाळी घर शांत होतं. भोंगा वाजला असता तर खाली वॉचमनलासुद्धा ऐकू गेला असता. मी टॉवेल ठेवायला आत आले, तर हे फरशीवर होते आणि वर ह्यांचा दिवा हिरवा."

"मग तू तेव्हाच का नाही..."

"तू ऑफिसातून धावत आलास. बापाकडे बघायच्या आधी मला विचारलंस, भोंगा वाजला का. तुझं तोंड कसं झालं होतं ते तुला माहीत नाही. एक माणूस गेला होता, आणखी एक मला घालवायचा नव्हता."

शौनक तिच्या पायाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही; बोटं वालाने चिकट होती. मग ती उठली, जाता जाता डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता आत्याचा तरी नीट कर. दोघं झोपवून तपास."

दुसऱ्या पलंगावर झोपायला कुणीतरी हवं होतं. शौनकने बाबांची गादी उलगडली आणि तो स्वतःच आडवा झाला. दिवा हिरवा झाला. आत्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि समाधानाने डोळे मिटले.